गाय पेटना

जळगावला जयगाव म्हणणाऱ्या घरात योगेंद्र वाढला. पण शाळेत पोरं हसली म्हणून त्याने जीभ जी वळवली ती वळवलीच. हसणाऱ्यांचं काय गेलं म्हणा! आता आई अहिराणीत बोलायची आणि हा पठ्ठ्या पुस्तकी मराठीत उत्तरं द्यायचा.

पारोळ्याजवळच्या एका मोठ्या गोदामाचं काम त्याच्याकडे होतं. जागा जुन्या तळ्याची. खाली पुरुषभर काळा गाळ, पिढ्यान्‌पिढ्या लव्हाळं कुजून साचलेला. असल्या जमिनीवर पाया टिकत नाही. एक तर गाळात सिमेंट कालवून तो घट्ट करायचा, नाहीतर उपसून टाकायचा. योगेंद्रने उपसला. सिमेंट वाचलं, ते बनवतानाचा धूर वाचला, कंपनीत पाठ थोपटली गेली. उघड्यावर वाळला की त्या गाळातला कार्बनही हवेतच जातो, ठिणगी पडली तर गाळ आतल्या आत धुमसतो, हे त्याला ठाऊक होतं. कुणी विचारलं नाही, म्हणून त्याने सांगितलं नाही.

ढीग पडला भिकुबाईच्या गोठ्यामागे. म्हातारी एकटी, एकुलत्या गाईच्या दुधावर तिची चूल पेटायची. "फुकटचं खत आहे अक्का," असं सांगून योगेंद्रनेच तिला राजी केलं होतं आणि अडीनडीला म्हणून आपला नंबर दिला होता.

चैत्रात कुणीतरी शेजारच्या बांधावर कपाशीच्या पऱ्हाट्या जाळल्या. दुसऱ्या दिवशी योगेंद्र जळगावात बैठकीत असताना तिचा फोन आला.

"भाऊ, गाय पेटना. धूर निंघी ऱ्हायना."

पेटना काय, पेटली म्हणावं ना! या बोलीला गाय बाई की बाप्या याचाही पत्ता नाही, असं त्याच्या मनात येऊन गेलं. पण जीव कळवळलाही.

"घाबरू नका अक्का, गुरांचा डॉक्टर पाठवतो."

"डॉक्टर कसाले? पानीना टँकर धाडा."

दुःखाने म्हातारीला काही सुधरत नाही, असं समजून त्याने फोन ठेवला. डॉक्टरला मात्र लगेच धाडलं. पाण्याने भरलेला टँकर साइटवर उभाच राहिला.

बैठक संपल्यावर त्याने आईला फोनवर सांगितलं, "तळ्याच्या साइटजवळच्या एका म्हातारीची गाय जळाली गं. गाय पेटना म्हणाली बिचारी."

आईने त्याला तिथेच अडवलं. "पेटना म्हननी ना? मंग ती गावडी नही रे भाऊ. दूध देस ती आपली गावडी. हाऊ तयाना गाय शे."

ळचा य. गाय नव्हे, गाळ. तळ्याचा गाळ. टँकर सोडायला सांगून योगेंद्रने गाडी पारोळ्याकडे पिटाळली.

ढिगावर जाळ कुठेच नव्हता, नुसता धूर. वर राख, पोटात निखारे. धुराने बिथरलेली गाय मधल्या वेळात दावं तोडून त्यावरूनच पळाली होती आणि पाय आत गेले होते. पुढचे दोन्ही पाय गुडघ्यापर्यंत भाजले होते. भिकुबाई तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती.

"अक्का, मन्हं चुकनं," योगेंद्र म्हणाला. कित्येक वर्षांनी ती बोली त्याच्या तोंडून निघाली.

भिकुबाईने मान वर केली नाही. "तुम्ही धाडेल डॉक्टर उना भाऊ," ती म्हणाली. "आते त्याले काम शे."