मामाची मांडी

माझ्या भावाला दुसऱ्याचं दुखलेलं बघवत नाही, याचं आमच्या नातेवाइकांना केवढं कौतुक! कोणाचं बोट दारात चिमटलं की नंदकिशोर पांढराफटक पडतो. मग सगळे त्याच्याभोवती गोळा होतात आणि ज्याचं बोट असतं तोच त्याला वारा घालत बसतो. हे गेले तेव्हाही तेच झालं. मला सहावा महिना होता. नंदू अंधेरीहून आला आणि दारातच धाय मोकलून रडायला लागला. मी उठले, त्याला पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला. त्यानंतर माझं रडायचं राहूनच गेलं.

अनूचे कान बाराव्या दिवशीच टोचायचे, पण यांचं वर्ष झाल्याशिवाय काही करायचं नाही, असं सासूबाईंनी ठरवलं. आता ती चालायला लागली. आमच्यात मुलीला मामाच्या मांडीवर बसवूनच टोचतात आणि आईने समोर राहायचं नसतं. अनूला मामा एकच. सासूबाईंनी मुलुंडच्या आमच्या दोन खोल्यांत सहदेव सोनाराला बोलावलं आणि मला म्हणाल्या, "तू आत बस गं. तुला नाही बघवायचं."

मला बघवलं असतं. माझी भीती वेगळीच होती. नंदू कोसळणार आणि मी पुन्हा धावत जाऊन त्यालाच सावरणार. वर्षभर गळ्याशी आलेलं मी कसंबसं धरून ठेवलं होतं. आज आणखी एकदा दुसऱ्याचे डोळे पुसायची ताकद माझ्यात नव्हती.

दार लोटून मी आत बसले. बसले कसली, फेऱ्या मारत होते. वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घातल्या, मोडल्या, परत घातल्या. डाळीचा डबा उघडला आणि कशाला उघडला तेच आठवेना.

"डोकं घट्ट धरा, साहेब," बाहेर सोनार म्हणाला. "हलली तर भोक तिरकं जाईल."

अनू किंचाळली. माझ्याच कानाच्या पाळीत सणकन कळ गेली. मी पाळी दाबून धरली. नंदूलाही असंच होत असणार, सोंग नाही करत तो. पण अरे, कान पोरीचा आहे ना!

"वसू!" त्याचा आवाज कापत होता. "मला नाही बघवत गं. तू ये ना बाहेर."

"अजून एक कान राहिलाय," सोनार म्हणाला.

"वसुधा, पाणी आण गं," सासूबाई ओरडल्या. "याला घाम फुटलाय."

माझा हात सवयीने दाराकडे गेला. तो मी मागे घेतला.

"नंदू," मी आतूनच म्हणाले, "हे गेले त्या दिवशी तू रडलास आणि मी उठले. आज मी उठणार नाही. तुला काय होतंय ते सोड, पोरीकडे बघ. तिला दुसरा मामा नाही आणि मला दुसरा भाऊ नाही."

आता हा चपला घालून चालू पडणार, असं मला वाटलं. मी खाली बसले, उठले, परत बसले.

मग नंदूचा आवाज आला. कापराच होता, पण तो अनूशी बोलत होता. "दुखलं ना गं राणी? खूप दुखलं. मी आहे हं. इकडे बघ, मामाकडे. करा हो तुम्ही, करा."

अनूने परत भोकाड पसरलं. तो बोलतच राहिला.

थोड्या वेळाने तो पोरीला खांद्यावर घेऊन आत आला. शर्ट भिजलेला, ओठ थरथरत होते. आता हा सुरू होणार म्हणून मी अंग आखडून घेतलं. त्याने एक हुंदका गिळला आणि माझ्याशेजारी जमिनीवर बसला.

"वसू," तो म्हणाला, "त्या दिवशी तुला कसं झालं असेल गं?"

हे मला कोणी विचारलंच नव्हतं. मी त्याच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि मोठमोठ्याने रडले, सासूबाई ऐकतायत याची पर्वा न करता. अनू बिचकून माझ्याकडे बघत होती. नंदू रडला नाही. गप्प हो, असंही म्हणाला नाही.