सतरा नंबरचं पाकीट

दवाखान्यात सगळी पोरं मला मावशी म्हणतात. बावीस वर्षं झाली मी दातांच्या डॉक्टरीणबाईंच्या शेजारी उभी आहे. औषध कालवायचं, पोरांचा हात धरायचा, "आ कर रे राजा" म्हणायचं. पण त्या दिवशी खुर्चीत बसली ती माझी खरीखुरी भाची, धाकट्या बहिणीची लेक. दुधाची दाढ चांगलीच किडलेली.

आमच्याकडे तेव्हा औषधांची तुलना चालली होती. कीड दाताच्या नसेपर्यंत पोचली की वरची खराब नस काढायची आणि मुळातली जिवंत ठेवायची, म्हणजे पक्का दात येईपर्यंत दाढ टिकते. त्या उरलेल्या नसेवर घालायचं काय? उग्र वासाचं जुनं औषध, की पावडर कालवून होणारं नवं सिमेंट? बाईंनी साठ पाकिटं बंद केली, प्रत्येकात एक चिठ्ठी. पोर आलं की पुढच्या नंबराचं पाकीट फोडायचं आणि चिठ्ठीत निघेल तेच घालायचं.

"अहो, दातांच्या कसल्या चिठ्ठ्या काढताय?" मी म्हटलं. "जुन्या औषधानं इतकी पोरं हसत घरी गेलीत."

"मग घाबरता कशाला मावशी? आकडे तुमच्याच बाजूनं बोलतील."

मला कुठला तेवढा धीर! भाचीचा नंबर सतरावा. बाई हात धुवायला वळल्या तशी मी पाकीट एक्स-रे बघायच्या दिव्यावर धरलं. आतलं अक्षर लख्ख दिसलं, सिमेंट. अठरावं धरलं, त्यात जुनं औषध. नंबर पेन्सिलीनं मीच घातलेले. रबर फिरवलं, सतराचे अठरा केले, अठराचे सतरा. सख्ख्या भाचीपुढे कसली तुलना नि कसलं काय!

दुपारी अठरावी आली. दोन वेण्या, आणि तोंडाचा पट्टा अखंड चालू.

"मावशी, हा चिखल माझ्या दातात घालणार?"

"गप गं भवाने, आ कर," म्हणत मी सिमेंट कालवलं.

वर्षानं तपासणी झाली. भाचीची दाढ ठणठणीत. दोन वेण्यांवालीच्या हिरडीवर मात्र फोड आणि एक्स-रेत मुळाशी काळा डाग.

"काढावी लागेल," बाई म्हणाल्या.

घ्या! जिंकले की मी. "सांगत नव्हते का?" हे वाक्य वर्षभर जिभेवर घोळवत होते, पण आता ते तोंडातून फुटेना. पोरीनं माझा हात गच्च धरला.

"तू आहेस ना मावशी? मग मी नाही रडणार."

आणि खरंच नाही रडली. मलाच हुंदका आवरेना. दाढ निघाली, पोर बाहेर आईकडे गेली, आणि मी बाईंना सगळं सांगून टाकलं.

बाईंनी नोंदवही ओढली. सतरा आणि अठरा, दोन्ही ओळींवर काट मारली.

"एका दाढेवरून सिमेंट वाईट ठरत नाही, मावशी. जुनं घातलं असतं तरी कदाचित हेच झालं असतं. आता ते कुणालाच कळायचं नाही."

"आणि तिच्या आईला कोण सांगणार?"

"ते तुम्हीच सांगायचं. मी शेजारी उभी राहते."

बाहेर बाकावर मायलेकी बसल्या होत्या. पोरीच्या गालात कापसाचा बोळा. मला बघून ती उठली आणि कागदाची पुडी माझ्या हातात कोंबली. आत तिची दाढ.

"तुला ठेव," ती बोबडं बोलली. "तू माझा हात सोडला नाहीस ना, म्हणून."

तिची आई कौतुकानं हसली. मी पुडी मुठीत धरून तिच्याजवळ बसले.

"ताई," मी म्हटलं, "हिला दुसरं औषध मिळायचं होतं. ते मी माझ्या भाचीला दिलं."