वसुमतीबाईंचे चाळीस शेअर

सीतारामराव गेल्यानंतर चौथ्या महिन्यात तुळजाजीराव वसुमतीबाईंना भेटायला आले. ते पंचनदी मोटर कंपनीचे अध्यक्ष. कंपनीच्या तीन बसगाड्या तंजावूरहून तिरुवैयारु आणि पापनाशमला धावत, आणि मधूनमधून वाटेत थांबत. तुळजाजीरावांनी आधी सीतारामरावांची आठवण काढली, मग उकाड्याबद्दल बोलले, आणि कॉफी संपवता संपवता म्हणाले, "वहिनी, तुमच्या नावावर कंपनीचे चाळीस शेअर आहेत. नुसते कागद आहेत म्हणा. शेअरला चार रुपये देऊन मी ते घेतो. तुमची सही तेवढी लागेल."

वसुमतीबाईंना दोन गोष्टी नव्याने कळल्या. एक, आपल्या नावावर काहीतरी आहे. दुसरी, तुळजाजीराव नुसते कागद विकत घेतात.

"विचार करून सांगते," त्या म्हणाल्या.

सीतारामराव कलेक्टर कचेरीत कारकून होते. सरकारी नोकराने व्यापारात पडलेलं साहेबाला खपत नसे, म्हणून त्यांनी दहा रुपयांचा एकेक असे चाळीस शेअर बायकोच्या नावावर घेतले होते. सहा वर्षं वसुमतीबाई मोटर कंपनीच्या मालकांपैकी एक होत्या. त्यांना कुणी कळवलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्या कंपनीच्या कचेरीत गेल्या. विधवेने वर्ष व्हायच्या आत बाहेर पडावं का, यावर गल्लीत दोन मतं होती. ती गल्लीला कळेपर्यंत त्या पोचल्या होत्या. कंपनीचा सेक्रेटरी व्यंकटरमण हा त्यांच्या माहेरच्या नात्यातला, वकिलीची परीक्षा दिलेला.

"यातली माझी गाडी कुठली?" बाईंनी विचारलं.

"गाडी तुमची नाही, अक्का. गाड्या कंपनीच्या आहेत."

"कंपनी कोण?"

"कायद्याने कंपनी ही एक स्वतंत्र व्यक्तीच मानतात."

"राहते कुठं?"

"इथंच," व्यंकटरमण म्हणाला. खोलीत एक टेबल, एक कपाट आणि चार जुने टायर होते.

मग त्याने नीट सांगायचा प्रयत्न केला. कंपनीचे एकूण हजार शेअर. त्यातले चाळीस बाईंचे. नफा झाला आणि वाटायचा ठरला, तर पंचवीस रुपयांमागे एक रुपया बाईंचा. कंपनी बुडाली तर घातलेले चारशे बुडाले. पण कंपनीचे सावकार बाईंच्या घरावर येऊ शकत नाहीत.

बाई बराच वेळ टायरांकडे पाहत राहिल्या. "म्हणजे पंगू," त्या म्हणाल्या.

मराठीत या शब्दाचा अर्थ लंगडा असा होतो; तमिळमध्ये वाटा. बोलायचं मराठी आणि जमीन तमिळ, अशा घरात त्या वाढल्या होत्या.

"पापनाशमजवळच्या गावात माझ्या वडिलांचे अडीच पंगू होते. गावाची जमीन सगळ्यांची मिळून. काही वर्षांनी शेतं आपसात बदलायची. वडिलांचं शेत कुठलं, हे कायमचं कुणी बोट दाखवून सांगू शकत नसे. तरी अडीच म्हणजे अडीच. विकता यायचे, मुलाला देता यायचे."

"अगदी हेच, अक्का."

"मग हे सांगायला वकिली कशाला शिकलास? बरं, पंगूवाल्यांची सभा असायची. तुमची असते?"

व्यंकटरमणने दाराकडे पाहिलं. सभा बावीस तारखेला होती. सर्वांत जुनी गाडी, पापनाशमची, सहाशे रुपयांना विकायची असा ठराव येणार होता. घेणारा कुंभकोणमचा एक गृहस्थ.

"तो तुळजाजीरावांचा कोण?"

"मेव्हणा. मी काही सांगितलेलं नाही. तुम्ही विचारलंत."

"आणि माझे चाळीस त्यांना कशाला हवेत?"

"शेअरला एक मत असतं, अक्का."

पुढले तीन दिवस वसुमतीबाई पापनाशमच्या गाडीने गेल्या आणि आल्या. पापनाशमला त्यांचं काहीच काम नव्हतं. वीस जणांच्या गाडीत पहिल्या दिवशी सत्तावीस माणसं होती, दुसऱ्या दिवशी एकोणतीस, तिसऱ्या दिवशी बाजार होता आणि मोजणं अशक्य झालं. परतताना त्यांना दीड कोस फणसाशेजारी बसावं लागलं. ही गाडी तोट्यात चालते असं कंपनीच्या अहवालात छापलेलं होतं.

चौथ्या दिवशी त्यांनी सभासदांची वही पाहायला मागितली. सभासदाने मागितली की दाखवावी लागते, असं व्यंकटरमण म्हणाला आणि स्वतः बाहेर जाऊन उभा राहिला. वहीत बाईंच्या नावाखेरीज आणखी दहा बायकांची नावं निघाली. कारण तेच: नवरा सरकारी नोकर. या बायकांच्या वतीने दरवर्षी नवरे मत देत, आणि ते अध्यक्षांच्या बाजूने देत, कारण अध्यक्ष त्यांना सभेनंतर जेवण देत.

वसुमतीबाई दहाही घरी गेल्या. तीन घरांत त्यांना ओसरीवरूनच परत पाठवलं. तालुका कचेरीतल्या कारकुनाची बायको शेषम्मा मात्र सगळं ऐकून घेऊन म्हणाली, "साठ शेअर माझ्या नावावर? घरात नवीन ताट आणायचं तरी मी यांना विचारते."

"ताट त्यांचं असेल. हे तुझं आहे."

शेषम्मा उठून आत गेली आणि उलथण्याने दोसा जरा जोरात उलटल्याचा आवाज आला. मग ती बाहेर आली. "बावीस तारखेला किती वाजता?"

सभा एका शाळेच्या खोलीत होती. आठ बायका एकदम आत आल्या तेव्हा तुळजाजीरावांना वाटलं, शेजारी हरिकथा आहे आणि त्या दार चुकल्या. त्यांनी दार दाखवलंही. त्या बसल्या. खुर्च्या कमी पडल्या म्हणून नवऱ्यांना उठावं लागलं.

ठराव वाचला गेला. वसुमतीबाई उभ्या राहिल्या. त्यांनी पुढल्या बाकाला धरलं.

"सत्तावीस माणसं बसणारी गाडी तोट्यात कशी?"

"वहिनी, हे हिशेब किचकट असतात."

"गाडी इतकी वाईट आहे, तर तुमचे मेव्हणे ती का घेतात?"

खोलीत कुणीतरी खोकलं. तुळजाजीराव म्हणाले की हात वर करून निकाल लावू. हात वर झाले, माणशी एक. ठराव सहज मंजूर होत होता. तेव्हा बाईंनी, व्यंकटरमणने तीनदा पाठ करून घेतलेलं वाक्य म्हटलं: पाच सभासदांची मागणी आहे, शेअरांप्रमाणे मतं मोजावीत.

शेषम्माच्या नवऱ्याने खिशातून मुखत्यारपत्र काढलं. व्यंकटरमण छताकडे पाहत म्हणाला, "ज्याचे शेअर तो स्वतः हजर असेल, तर मुखत्याराचं मत चालत नाही." नवऱ्याने बायकोकडे पाहिलं. शेषम्मा फळ्याकडे पाहत होती. फळ्यावर सातचा पाढा होता.

ठरावाच्या बाजूने तीनशे पासष्ट मतं पडली, विरुद्ध चारशे बारा. गाडी विकली गेली नाही.

"आता नफ्याची वाटणी," वसुमतीबाई म्हणाल्या.

इथे व्यंकटरमणला वाईट वाटलं. संचालकांनी सुचवल्यापेक्षा जास्त वाटणी सभासदांना मागता येत नाही, आणि संचालकांनी काहीच सुचवलं नव्हतं. बाई जिंकल्या होत्या आणि त्यांच्या हाती एक पैही येणार नव्हती.

"संचालक कोण निवडतं?"

"सभासद."

"कधी?"

"पुढच्या वर्षी दोघांची मुदत संपते."

बाईंनी मान डोलावली आणि पदर सावरला. त्या दिवशी जेवण झालं नाही. अध्यक्षांची तब्येत बरी नव्हती.

दोन महिन्यांनी पापनाशमच्या गाडीचा आस अय्यमपेट्टैजवळ मोडला. ही बातमी द्यायला तुळजाजीराव स्वतः आले, आणि बऱ्याच दिवसांनी प्रसन्न दिसत होते. "सांगत होतो, वहिनी. आता दुरुस्तीला दोनशे चाळीस. तोटा सगळ्यांचाच, तुमचाही."

गाडी राखायला वसुमतीबाईंनीच सात बायकांना घराबाहेर काढलं होतं, आणि आता शेषम्माला काय सांगायचं? तोटा खरा होता, आणि त्यातला वाटाही त्यांचाच होता.

"दोनशे चाळीस कोण मागतो?"

"आमच्या ओळखीचा एक कारखानदार."

"तिरुचिरापल्लीहून आणखी दोघांचे भाव मागवा. आले की मला दाखवा. मी गुरुवारी कचेरीत येईन."

तुळजाजीरावांनी विचारलं, गुरुवारी किती वाजता.