माझ्या काचेतले गलबत

मित्रांनो, मी एक जुने तैलचित्र आहे आणि स्वभावाने मत्सरी आहे. हे आधीच सांगितलेले बरे. माझ्यात तांब्याची एक किटली आहे, अर्धवट सोललेला कांदा आहे आणि मागे काळोख. मला रंगवणारा हट्टी होता. कांदा सुकला की तो नवा आणून पुन्हा सोलायला बसे. कालचा कांदा रोज रांधून संपवायचा कुणी, म्हणून त्याची बायको त्याला बोल बोल बोले.

पुढे माझी रवानगी या कलादालनात झाली. समोरच्या भिंतीवर वादळातले एक गलबत होते. भले मोठे चित्र! शिडे, लाटा, विजा, नुसता आरडाओरडा. लोक दारातून थेट त्याच्याकडे धावत, फोटो काढत आणि निघून जात. माझ्या वाट्याला त्यांच्या पाठी येत. माझा नुसता जळफळाट होई.

मग काका-काकू येऊ लागले. पहारेकरी त्यांना अशीच हाक मारी. काकूंचे गुडघे दुखत आणि दालनातला एकुलता एक बाक माझ्यासमोर होता. दर आठवड्याला ती दोघे तासभर माझ्याकडे टक लावून बसत. मी मनातल्या मनात गलबताला म्हणे, बघ, दर्दी माणसे कुणाकडे येतात ते.

एकदा काकांनी पहारेकऱ्याला आपली युक्ती सांगितली.

"गर्दीत माना वाकड्या कोण करणार? इथे बसायचं. या चित्राच्या काचेत अख्खं गलबत दिसतं, आणि मध्ये एकाचंही डोकं येत नाही."

मित्रांनो, माझा चेहराच उतरला. माझ्या काळोखामुळे काचेचा आरसा झाला होता. माझ्याच अंगावर माझा वैरी झुलत होता आणि मी उगाच भाव खाल्ला होता.

काही दिवसांनी गलबत साफसफाईसाठी गेले. मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. पण लगेच दालनाच्या प्रमुख बाई दोन गडी आणि शिडी घेऊन आल्या. गलबत कसे स्वच्छ करतात याचा फलक माझ्या जागी लावायचा होता. मला तळघरात ठेवणार होते. तळघरात कोण येणार मला बघायला?

काका-काकू तेव्हा बाकावरच होते. काचेत रिकामी भिंत पाहून काका उठू लागले. पण काकूंचे गुडघे आखडले होते, म्हणून पुन्हा बसले.

"अहो, इथे कांदा आहे," काकू म्हणाल्या.

काका पुढे वाकले. "किटलीसुद्धा आहे की."

कांद्याच्या सालीवरून त्यांची नजर सावकाश किटलीवर गेली. तिच्या चकचकीत पोटात काकूंना एक इवलीशी बाई दिसली. दारात उभी, हात कमरेवर. इतक्या वर्षांत तिला कुणी पाहिले नव्हते.

"नवऱ्याला बोलतेय ही," काकू म्हणाल्या. "आणि तो ऐकत नाहीये."

"ऐकतोय," काका म्हणाले. "म्हणून तर काढलंय तिला."

प्रमुख बाईंनी घसा खाकरला आणि चित्र उतरवू का, असे विचारले.

"आमचं बघून झालं नाही अजून," काकू म्हणाल्या.

बाई हसल्या. "बरं, झालं की सांगा."

गडी शिडी घेऊन परत गेले आणि फलक दाराशी लागला. काका-काकू अजून दर आठवड्याला येतात. त्यांचे बघून काही झालेले नाही.

गलबत परतले आहे, नव्या नवरदेवासारखे चमकत. त्याच्यापुढे पुन्हा झुंबड असते आणि माझा मत्सर मुळीच गेलेला नाही. म्हणून एक विनंती करतो. चित्रापुढे आलात की लगेच पुढे पळू नका. एक वस्तू दिसली म्हणजे सगळे पाहिले असे समजू नका. पाय दुखले तर बसा आणि आणखी बघा. सुरुवात माझ्यापासून करा. वेळ उरलाच, तर समोर एक गलबतही आहे.