झोपून उठलीस की

पाळणाघरातल्या ताया त्यांना मोठ्या बाई म्हणत. उंचीनं त्या सगळ्यांत बुटक्या, त्यामुळे या नावावरून पाठीमागे थोडी थट्टाही चाले, आणि ते त्यांना चांगलं ठाऊक होतं. त्यांचं काम मुलं सांभाळायचं नव्हतं, मुलं सांभाळणाऱ्यांना सांभाळायचं होतं. या पाळणाघरातून त्या पाळणाघरात जायचं, कोपऱ्यात बसून निमूट बघायचं, मग ताईंना आणि नव्यानं आईबाप झालेल्या पोरांना चार गोष्टी समजावून सांगायच्या. पोरंच ती. स्वतःचे मोजे सापडायची मारामार, आणि कडेवर मूल.

त्यांचा एक धडा मात्र सगळीकडे गाजलेला होता. मुलाला सोडून जाताना त्याची नजर चुकवून पळ काढायचा नाही. निरोप घ्यायचा, आणि परत कधी येणार ते त्याला कळेल असं सांगायचं. एवढ्याशा जिवाला घड्याळ काय कळणार? त्याला दूध कळतं, झोप कळते. म्हणून म्हणायचं, "झोपून उठलीस की आई येईल." आणि दिलेला शब्द पाळायचा. मोठ्या बाई हे वाक्य ताईंकडून अगदी घोकून घेत.

ही गोष्ट ज्या पाळणाघरातली, तिथल्या धाकट्या ताईला ते सगळ्यांत छान साधलं होतं. कुणी कितीही भोकाड पसरो, ती त्याला कडेवर घेऊन इतक्या खात्रीनं हे सांगे की मूल हुंदके देत का होईना, गादीवर आडवं व्हायचं. मोठ्या बाई दुसऱ्या ठिकाणी तिचं उदाहरण द्यायच्या.

यावेळी त्या बऱ्याच दिवसांनी आल्या, तर धाकटी ताई दारातच भेटली. ढब्बूची आई गेली, तिनं हळू आवाजात सांगितलं. ढब्बू म्हणजे गोबऱ्या गालांची तीन वर्षांची मुलगी. हे नाव आईनंच ठेवलेलं. त्या सकाळी आई नेहमीसारखी तिला सोडून, पापा घेऊन कामावर गेली, तिथेच कोसळली, आणि दवाखान्यातून घरी आलीच नाही. तेव्हापासून बाप एकटाच आणतो, नेतो.

"पण पोरीचा काही त्रास नाही हो," ताई म्हणाली. "उलट शहाणी झालीय. आपणहून झोपते."

मोठ्या बाई आपल्या कोपऱ्यात जाऊन बसल्या. सकाळची वेळ होती. मुलं ठोकळ्यांवरून भांडत होती, एकाचं दुसऱ्याच्या हाताला चावून झालं होतं. ढब्बू त्या गोंधळातून कपाटापाशी गेली, आपली छोटी गादी ओढत आणली, आडवी झाली आणि डोळे घट्ट मिटून घेतले. थोड्या वेळानं उठून बसली. दाराकडे पाहिलं. दार बंदच होतं. ती पुन्हा आडवी झाली. पुन्हा उठली, पुन्हा दाराकडे पाहिलं. असं किती वेळा झालं, मोजायचं मोठ्या बाईंना सुचलं नाही.

दुपारी त्यांनी धाकट्या ताईला बाजूला घेऊन विचारलं, तू तिला काय सांगतेस?

"तुम्ही शिकवलं तेच," ताई म्हणाली, आणि म्हणता म्हणताच तिला कळलं. ओढणी तोंडाशी धरून ती खाली बसली. पोर रोज विचारायची, आणि दुसरं काही सांगायला तिची जीभ रेटली नव्हती. मोठ्या बाई तिला काय रागावणार? वाक्य त्यांचंच होतं.

संध्याकाळी बाप आला. उंच, हडकुळा, शर्टाची बटणं वरखाली लागलेली. मोठ्या बाईंनी त्याला आतल्या स्वयंपाकघरात नेऊन मुलांच्या बुटक्या खुर्चीवर बसवलं. ढब्बूला त्यानं सांगितलं होतं की आई लांब गेलीय. पुढे काय बोलायचं, हे त्याला सुचतच नव्हतं.

आईबापांकडून अवघड बोलण्याची तालीम करून घ्यायची बाईंची रीत होती. त्या मूल व्हायच्या, समोरच्यानं आईबाप. पिकल्या केसांची बाई बोबडं बोलायला लागली की सगळे खदखदून हसत. त्या दिवशी कुणी हसलं नाही.

"बाबा, आई कुठेय?"

तो फरशीकडे बघत राहिला. "आई देवाघरी गेली."

"मग येणार कधी?"

त्यानं मान हलवली. "मला नाही जमणार. तुम्हीच सांगा ना तिला. तुम्हाला सवय असेल."

"याची सवय कुणालाच नसते," मोठ्या बाई म्हणाल्या. "मी सांगितलं तर तिला नुसतं कळेल. मग रडायला कुणाच्या मांडीवर जायचं? मी उद्या दुसऱ्याच पाळणाघरात असेन."

त्यांनी त्याला नेमका शब्द वापरायला लावला. आपल्या माणसाबद्दल तो शब्द कुणी उच्चारत नाही, सगळे 'गेली' म्हणतात. पण आई तर रोजच जायची आणि रोजच यायची. ढब्बूचा तोच तर भरवसा होता. दोनदा तो नुसतं 'आई' म्हणून थांबला, तिसऱ्यांदा त्यानं म्हटलं, "आई मेली."

"झोपून उठले की येईल?" बाईंनी विचारलं.

"नाही," तो म्हणाला. "नाही येणार." मग तो ओक्साबोक्शी रडला. बाईंनी त्याला रडू दिलं, तोंड धुवायला लावलं आणि बाहेर पाठवलं.

बाकीची मुलं घरी गेली होती. ढब्बू गादीवर पडली होती. तो शेजारी फरशीवर बसला, तिला मांडीवर घेतलं आणि सांगितलं. तालमीतलं सगळं मागेपुढे झालं, पण शब्द चुकला नाही. ती त्याच्या शर्टाच्या बटणाशी खेळत ऐकत होती.

मग तिनं विचारलं, "मी मधेमधे डोळे उघडते म्हणून?"

याची तालीम कुणी केलेली नव्हती. बापानं दचकून मोठ्या बाईंकडे पाहिलं.

"नाही गं राणी," तो म्हणाला. "तू नीट झोपलीस. अगदी नीट झोपलीस."

तेव्हा ढब्बू रडली. इतके दिवस ती पाळणाघरात एकदाही रडली नव्हती. बाप तिला घट्ट धरून डुलत राहिला, आणि काहीही सांगायच्या भानगडीत पडला नाही.

धाकट्या ताईनं ती गादी गुंडाळून उचलली. कपाट समोरच होतं, पण गादी पोटाशी धरून ती तशीच उभी राहिली. मोठ्या बाई उठून तिच्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या, आणि त्यांच्याकडे तिला शिकवण्यासारखं काही उरलं नव्हतं.