घोगरी हाक

डॉक्टरांनी आमच्या ह्यांच्या गळ्यातली गाठ काढली आणि गाठीबरोबर आवाजही गेला. जीव वाचला ही देवाची कृपाच. पण घरी आले ते जुन्या दाराच्या बिजागरीसारखा करकरणारा आवाज घेऊन. मी म्हटलं, चला, आता भांडणात तरी माझी सरशी. ते हसले नाहीत. तेव्हाच मी ओळखलं की दुखणं गळ्याच्या खाली उतरलंय.

कारण आमचा धंदाच आवाजाचा. हिरव्या मुलखात म्हणे मेंढरं मागून हाकतात. आमच्याकडे वाळू, दगड आणि काटेरी झुडपं. चारा-पाणी कुठे आहे ते फक्त मेंढपाळाला ठाऊक, म्हणून माणूस पुढे आणि कळप मागे. दुपारी सगळे कळप एकाच विहिरीवर येतात, कुंडीपाशी एकमेकांत मिसळून पाणी पितात. मग एकेक मेंढपाळ हाक मारून आपल्या वाटेला लागतो आणि ज्याची मेंढरं त्याच्या मागे जातात. आमच्या चर्चचे पाळक दरवर्षी यावर उपदेश करतात, की मेंढरं धन्याचा आवाज ओळखतात तसा आपण प्रभूचा ओळखावा. आम्ही जन्मभर माना डोलावल्या. पण धन्याचाच आवाज गेला तर काय करायचं, हे काही त्यांनी कधी सांगितलं नाही.

आजारपणात आमचा कळप थोरल्या दिरांनी सांभाळला. भाऊजी मनाने मोठे आणि आवाजाने त्याहून मोठे. एका संध्याकाळी ते येऊन दारातल्या बाकावर बसले आणि ह्यांना म्हणाले, "हे बघ, वाईट वाटून घेऊ नकोस. शनिवारी विहिरीवर ये आणि हाक मार. मेंढरं आली तर तुझी. नाही आली तर राहू देत माझ्याकडे. तू लेकीकडे शहरात जा, जावयाच्या टायरच्या दुकानात बस. सावली आहे, पंखा आहे."

ह्यांनी मान डोलावली. मला भाऊजींचा राग आला, आणि त्यांचं बरोबर होतं म्हणून जास्तच आला. हाकेला न येणारा कळप घेऊन त्या वाळूत शिरायचं म्हणजे कळपाच्या जिवाशी खेळ. पण हे आणि टायरचं दुकान? पंख्याखाली बसून हा माणूस वाळून गेला असता. मी पदर खोचला.

दुसऱ्या दिवशी ह्यांचा कोट घातला, टोपी चढवली, आवाज जाड केला आणि माळावर हाक मारली. हे बाजूला दगडावर बसून बघत होते. मेंढरांनी कान टवकारले. मी दोन पावलं चालले, वळून पाहिलं. पुन्हा चालले, पुन्हा वळून पाहिलं. माझं तोंड दिसलं की ती थबकायची. शेवटी कंटाळून सगळी भाऊजींच्या कळपात जाऊन मिसळली.

"अगं," भाऊजी पोट धरून हसत म्हणाले, "तुझ्यापेक्षा खुंटीवरचा कोट बरा होता."

मग लेकीने तोडगा काढला. तिच्याकडे ह्यांच्या आवाजाचं एकच रेकॉर्डिंग होतं, चर्चमधल्या शास्त्रवाचनाचं. तिने ते मोबाइलवर पाठवलं आणि ह्यांनी मोबाइल उंच धरून लावलं. घसा खाकरून, इस्त्री फिरवून काढलेला तो आवाज! मेंढरांनी ढुंकूनही पाहिलं नाही. खरं सांगायचं तर त्या आवाजाला घरात मीही ओ दिली नसती.

त्या दिवशी जेवायला बसल्यावर मी म्हटलं, "आज प्रार्थना तुम्ही करा." दवाखान्यातून आल्यापासून ती मीच उरकत होते, जेवण निवायच्या आत.

"तूच कर," ते करकरले. "मेंढरं ओळखत नाहीत हा आवाज. त्याने तरी का ओळखावा?"

इतके दिवस हा माणूस हे पोटात घेऊन बसला होता.

"अहो, मेंढरं आपण," मी म्हटलं. "तो नव्हे."

ताटातली भाकरी कुस्करत ते म्हणाले, "त्या दिवशी तू सारखी वळून का पाहत होतीस?"

"येतायत की नाही ते बघायला."

"मग कशी येतील? आपण तोंड फिरवलं की त्यांना वाटतं, इथंच थांबायचंय."

शनिवारी विहिरीवर धूळ, आरोळ्या आणि बें-बें यांचा नुसता कालवा. ह्यांनी कुंडीपाशी उभं राहून हाक मारली. शेजारी असून मला ती जेमतेम ऐकू आली. एकही मान वर झाली नाही. भाऊजी दुसरीकडे बघू लागले. त्यांनाही ते बघवत नव्हतं, एवढं मी त्यांच्या बाजूने सांगते.

ह्यांनी दुसरी हाक मारली. आमची एक म्हातारी मेंढी आहे, तिला आम्ही आत्याबाई म्हणतो. तिने कुंडीतून तोंड वर काढलं. बस, तेवढंच. आणि हे वळले आणि कोरड्या नदीच्या दिशेने चालू लागले, डावा खांदा जरा पाडून, नेहमीसारखे. मागे कोणीही नव्हतं. वळून पाहावंसं त्यांना किती वाटत असेल ते त्यांच्या ताठ मानेवरून मला कळत होतं. वाळूत खुरांचा आवाजही होत नाही, त्यामुळे तोही आधार नाही.

आत्याबाईने ओठ चाटले आणि ती निघाली. तिच्या मागे एक, मग दोन, मग भाऊजींच्या मेंढरांतून वाट काढत आमची सगळीच सुटली.

मी खडकांवरून आडवाटेने धावत सुटले आणि नदीच्या वळणावर ह्यांच्या समोर जाऊन उभी राहिले. चालता चालताच त्यांनी डोळ्यांनी विचारलं, आली का? जन्मभर तोंडाचा पट्टा चालवला मी, आणि नेमका त्याच वेळी माझाही आवाज गेला. शब्द फुटेना. नुसती रडत उभी राहिले. मी रडतेय म्हणजे संपलंच, असं समजून त्यांचा चेहरा उतरला.

तेवढ्यात आत्याबाईने मागून गुडघ्यात ढुशी दिली आणि हे वाळूत बसले. क्षणात चारी बाजूंनी लोकरच लोकर झाली.

मागून भाऊजी धापा टाकत आले. "अरे, माझीही काही आलीत यात!" त्यांनी गगनभेदी हाका मारल्या. मेंढरं ह्यांचा कोट चघळत राहिली.

"दादा," हे करकरले, "जावयाकडे पंखा आहे हं."

त्या संध्याकाळी ताटं वाढून मी सवयीने डोळे मिटले, तोच समोरून बिजागरी करकरली. इस्त्रीचा आवाज नव्हता तो, मेंढरांशी बोलायचा होता. लेक, जावई, भाऊजी, आत्याबाई, टायरचं दुकान, कोणी म्हणून सुटलं नाही. जेवण पार निवून गेलं. मी एकदाही डोळे उघडून पाहिलं नाही.