दांडा बसणाऱ्याच्या हाती

मित्रांनो, आधी तोंड मिटा. मी दातांच्या दवाखान्यातली खुर्ची आहे हे खरं, पण आता निवृत्त झाले आहे. मला बघून आ करायची गरज उरलेली नाही. तरी पुष्कळ जण करतात. सवयीला औषध नाही.

माझा जन्म कारखान्यातला. लोखंडी पाय, पोटात तेलाचा पंप, अंगावर हिरवं रेक्झिन आणि डोक्यापाशी दोन गोल उशा. शेजारच्या रांगेत न्हाव्याच्या खुर्च्या तयार होत होत्या. त्या सारख्या आरशाच्या गप्पा मारायच्या. माझ्या नशिबी छताकडे बघणं आलं.

माझे दंतवैद्य भले गृहस्थ होते. त्यांचा हात हलका होता. खोड एकच. समोरच्याच्या तोंडात कापूस, आरसा आणि स्वतःची दोन बोटं घातली की ते विचारायचे, "मग, घरी सगळं बरं?" तो म्हणायचा, "आं आं." हे म्हणायचे, "वा, छान." वर्षानुवर्षं लोकांनी माझ्या मांडीवर पडून आपली सुखदुःखं अशी सांगितली आणि ती कोणालाही कळली नाहीत.

माझं पेडल डॉक्टरांच्या पायाशी असे. त्यांनी दाबलं की माणूस वर, सोडलं की खाली. बसणाऱ्याला कोणी विचारत नसे. दुखरा दात निघून वाडग्यात टण्णकन पडे आणि माणूस गाल धरून घरी जाई. दुखणं म्हणजे चिमट्याने उपटायची वस्तू, असं तेव्हा माझं ठाम मत झालं.

पुढे विजेवर चालणारी नवी खुर्ची आली आणि माझी रवानगी अडगळीत झाली. माझ्यावर ओल्या छत्र्या वाळत घालत. ज्या अंगाने इतक्या माणसांचं कण्हणं सोसलं, त्या अंगावर छत्र्या! कोणाला सांगणार? तोंड मलाही नव्हतंच.

तेवढ्यात समोरच्या खोलीत समुपदेशक ताई राहायला, म्हणजे काम करायला आल्या. मनावर ओझं असलेली माणसं त्यांच्याकडे बोलायला येत. त्यांना खुर्ची हवी होती आणि डॉक्टरांना जागा. ताईंनी मला नेलं, पुसलं, आणि एका मेकॅनिकला बोलावून माझं पेडल काढायला लावलं. त्याच्याऐवजी त्यांनी हाताशी एक दांडा बसवून घेतला. आता बसणाराच स्वतःला वर-खाली करू शकत होता.

मेकॅनिक म्हणाला, "अहो ताई, असं कोण करतं? येईल तो आपल्या मनानेच वर-खाली होत बसेल."

"तेवढंच तर हवंय," ताई म्हणाल्या.

त्या प्रत्येकाला आधी सांगत, तुम्हाला हवं तसं बसा. तुम्हाला वाटेल, यात काय अवघड? मित्रांनो, लोकांना घाम फुटे. एक मुख्याध्यापक तर इतके वर गेले की पहिली दोन वाक्यं त्यांनी कपाटावरच्या धुळीला उद्देशून म्हटली. मग मात्र स्वतःहूनच खाली आले आणि रडले.

एकदा लिलाववाले काका आले. फळबाजारात ते लिलाव पुकारत. आवाज असा, की टरबुजांना घाम फुटावा. त्यांच्या घशात गाठ निघाली होती. आवाजाची पेटीच काढली तर ते बहुधा जगणार होते, पण पुन्हा बोलणार नव्हते. नाही काढली तर आवाज राहणार होता, पण काका फार दिवस राहणार नव्हते. सर्जनला शुक्रवारपर्यंत उत्तर हवं होतं.

काका म्हणत, मुलगी म्हणेल तसं. औषधांच्या दुकानात काम करणारी त्यांची मुलगी म्हणे, डॉक्टर म्हणतील तसं. डॉक्टर म्हणत, पेशंट म्हणतील तसं. असा तो निर्णय तिघांत फिरत होता, जणू कोणी तापलेला तवा हातात दिला होता.

"तुम्ही फक्त त्यांना ऑपरेशनला तयार करा," मुलगी ताईंना म्हणाली आणि बाहेर बाकावर जाऊन बसली.

काकांनी दांडा खाली ढकलला आणि ते अगदी आडवे झाले. म्हणाले, "ठरवा तुम्हीच. मी पडलोय."

"मी नाही ठरवणार," ताई म्हणाल्या. "आणि तुम्ही नाही ठरवलंत तरी शुक्रवार येणारच. मग तो ठरवेल. पण त्याला मुखत्यारपत्र तुम्हीच दिलेलं असेल."

काका भडकले. "अहो, काहीतरी बोली लावा की. बाजारात गप्प उभं राहणाऱ्याला आम्ही हाकलून देतो."

"या मालाला मी गिऱ्हाईक नाही, काका. माल तुमचा आहे."

मग काकांनी छताकडे बघतच विचारलं, "तुम्हाला नाही भीती वाटत? मरणाची?"

"वाटते," ताई म्हणाल्या. "आज सकाळीही वाटली."

मला वाटलं, आता चिमटा निघणार. भीती उपटली जाणार, वाडग्यात टण्णकन पडणार. ताईंनी काहीच काढलं नाही. त्या म्हणाल्या, "ती काही किडलेली नाही, काका. आपला जीव कशात आहे, ते ती दाखवते. तुमचा कशात आहे?"

"आवाजात," काका म्हणाले. "तो गेला तर मी कोण?"

"मला माहीत नाही. बघू या का?"

पुढच्या, गुरुवारच्या भेटीत काकांनी आवाज न वापरता बसायचं, असं दोघांनी मिळून ठरवलं. त्या दिवशी काकांच्या संमतीने मुलीलाही आत बोलावलं. ती स्टुलावर बसली आणि लगेच सुरू झाली. सगळं नीट होईल, घाबरायचं नाही, हल्ली किती सुधारणा झाल्या आहेत, काहीच वाटणार नाही बघा. काकांनी तळहात आडवा धरला. बाजारात ती बोली थांबवायची खूण. लहानपणी बाजारातच खेळून मोठी झालेली मुलगी ती. ती थांबली. आणि थांबल्यावर तिच्याकडे फक्त रडू उरलं.

काकांनी दांडा ओढला. मी कुरकुरत वर आले, तिच्या डोळ्यांना त्यांचे डोळे भिडेपर्यंत. त्यांनी तिला या बाजूने न्याहाळलं, त्या बाजूने न्याहाळलं. मग टरबूज पिकलंय का ते बघावं तशी तिच्या डोक्यावर बोटाने टकटक केली, कान लावून ऐकलं, आणि तोंड वाकडं करून मान हलवली. कच्चं आहे.

मुलगी रडता रडता हसली. "बाबा, काहीतरीच तुमचं," ती म्हणाली. काका स्वतःच्या बोटाकडे बघत राहिले. आवाज नव्हता, तरी खोलीत काका होते.

अर्थ सापडला हो, अशी दवंडी ताईंनी पिटली नाही.

वेळ संपायच्या आधी काका बोलले. "ऑपरेशन करायचं. पण तू म्हणतेस म्हणून नाही, हे ध्यानात ठेव. मला अजून बसायचंय तुमच्यात. आणि उद्या पस्तावलो, तर माझा मी पस्तावेन. कोणावर बिल फाडणार नाही."

ऑपरेशन झालं. गोष्ट इथे संपली असती तर तुम्ही टाळ्या वाजवून खेळायला गेला असता. पण काका काही आठवड्यांनी पुन्हा आले, गळ्याला पट्टी आणि सोबत मुलगी. ते माझ्यावर बसले. काहीतरी सांगायला म्हणून त्यांनी सवयीने तोंड उघडलं, आणि आतून नुसती हवा आली. ते पस्तावले होते की नाही, मला सांगता येणार नाही. त्यांचे खांदे हलत होते.

मुलीच्या ओठांवर आलं होतं, सगळं नीट होईल. मला ते दिसलं. तिने ते गिळलं. स्टूल ओढून ती माझ्या हातापाशी बसली आणि बापाचा हात धरून राहिली. कोणी घाई केली नाही.

म्हणून मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. तुमच्या माणसाला भीती वाटली, तर ती उपटायला धावू नका. त्याचं त्याला ठरवू द्या, आणि तो ठरवत असेपर्यंत उठून जाऊ नका. माझं म्हणाल, तर बरं चाललंय. फक्त डाव्या बाजूचं रेक्झिन फाटलंय. तिथे बोट घालून आतला कापूस काढू नका. काढायचाच असेल, तर निदान घरी सगळं बरं आहे का ते आधी विचारा, आणि उत्तर यायची वाट बघा.